जेठात पडलेला वारा

वारा आला नाही की त्या दिवशी आमच्या घरी दाणा यायचा नाही.

माझी आई (आम्ही तिला याडी म्हणतो) उपणणीचं काम करायची. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मळणी झाली की दाणा आणि भुसा एकत्र असतो. एक जण तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहतं. खालचा माणूस टोपलं भरून वर देतो. वरचा ते डोक्याच्या उंचीवर धरतो आणि हळूहळू हलवत रिकामं करतो. दाणा सरळ खाली पडतो, भुसा वाऱ्यानं बाजूला जातो. एवढंच काम. पण वारा लागतो, आणि वारा काही मालकाच्या घरचा नसतो.

तिवईवर बहुधा पुरुष चढत. आमच्या भागात याडी चढायची, कारण वारा कधी येणार ते तिला कळायचं. पौषापासून चैत्रापर्यंत ती खळ्याखळ्यानं फिरायची. जेवढा ढीग उपणला त्या मानानं जोंधळा मिळायचा. वारा नसला तर ढीग नाही आणि ढीग नसला तर जोंधळा नाही. सलग तीन-तीन दिवस ती रिकामं टोपलं मांडीवर घेऊन बसलेली मी पाहिली आहे. बा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा, तेही काम कधी असायचं कधी नसायचं. अशा दिवशी आम्ही कण्या शिजवून अंबाडीच्या भाजीसोबत खायचो आणि लवकर झोपायचो. पोटात कमी असलं की झोप लवकर येते असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

शाळेला सुटी असली की मी खळ्यावर जायची. याडी तिवईवरून म्हणायची, "येऊन राह्यला." मी झाडाकडे पाहायची, एक पान हलत नसे. मी पन्नास मोजेपर्यंत पानं हलायची. आणि वारा पडला, म्हणजे थांबला, की याडी खाली उतरायची, सावलीत बसायची, लोटाभर पाणी प्यायची, माझ्या केसातल्या उवा काढायची. वारा पडणं म्हणजे विसावा, हे माझ्या अंगात लहानपणापासून मुरलं. पुस्तकात मी पुढे बरंच शिकले, पण अंगातलं पुस्तकानं निघत नाही. ते कसं निघालं तेच सांगायला बसले आहे.

मी दहावीत असताना आमच्या बंजारा तांड्याजवळच्या गावात थ्रेशर आलं. दोन हंगामांत याडीचं काम गेलं. ती निंदायला जाऊ लागली, तिवई उलटी करून, पायांभोवती जाळी बांधून तिच्यात कोंबड्या डालू लागली. मला मात्र पुसदच्या कॉलेजात घातलं. एसटीनं जाणंयेणं, डब्यात भाकर. आमच्या तांड्यात बी.एस्सी. झालेली मी पहिली. हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "वाऱ्याचा वेग म्हणजे काय?" व्याख्या मला पाठ होती, पण घाबरून तोंडातून निघालं, "भुसा जेवढा लांब जाते तेवढा वारा." मागची पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "ही मोजमापाची पद्धत झाली. आता व्याख्या सांग." मी सांगितली. सेकंड क्लास मिळाला.

शिकून झाल्यावर एका शेतकी केंद्राच्या हवामान नोंदीवर मला कंत्राटी काम मिळालं. सकाळी सातला आणि दुपारी दोनला नोंद घ्यायची: कोरडा तापमापक, ओला तापमापक, पाऊस, आणि तीन वाट्या गरगर फिरतात ते वारामापक. चार वर्षांनी कंत्राट संपलं. त्याच सुमारास सुभेदार भेटले.

सुभेदार म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले आमच्याच भागातले गृहस्थ. सैन्यात असताना ते पालाची, म्हणजे शिडाची, फळी चालवायला शिकले होते. त्यांचं वावर पैनगंगेवरच्या धरणात गेलेलं. नोकरी संपवून गावी आले तेव्हा ते आपलं बुडालेलं वावर पाहायला काठावर गेले. पश्चिमेकडून दोन डोंगरांच्या मधून वारा येत होता आणि वावरावर लाटा उठत होत्या. "म्या म्हटलं, नांगर नाही चालत तं पाल चालवू," असं ते अजून सांगतात. त्यांनी काठावर टिनाचं शेड टाकलं, चार फळ्या आणल्या आणि पाण्यावरच्या खेळाचं केंद्र काढलं. धरणामुळे पाणी फुगलं असलं तरी आम्ही त्याला नदीच म्हणतो. तळाशी नदीच वाहते.

त्यांना वाऱ्याचा अंदाज लिहिणारं माणूस पाहिजे होतं. माझी मुलाखत काठावर उभ्याउभ्या झाली.

"पोहता येते?"

"नाही."

"पतंग उडवला कधी?"

"नाही."

"मंग तुले येते काय, बाई?"

"वारा येऊन राह्यला ते सांगता येते."

"केव्हा येते सांग बरं."

मी पाण्याकडे पाहिलं. लांब, पलीकडच्या टेकडीखाली पाण्याचा रंग काळपट झाला होता. वारा लागलेलं पाणी दुरून गडद दिसतं. म्हटलं, "तुमची बिडी संपेपर्यंत." सुभेदारांची बिडी अर्धी राहिली होती तेव्हाच शेडचं टिन वाजलं. त्यांनी बिडी पायाखाली चुरली. "उद्या सहाले ये."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी अजून फळीवर पाय ठेवलेला नाही. पोहायला शिकले, तेही गुडघाभर पाण्याच्या थोडं पुढे एवढंच.

आता काम काय ते सांगते. लोकांना वाटतं, वारा आहे का नाही एवढं सांगितलं की झालं. तसं नाही. आमच्याकडे दोन जातींची गिऱ्हाइकं. एक पालवाले. त्यांच्या फळीलाच पाल बसवलेलं असतं, दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. वारा फार झाला तर पाल सोडून द्यायचं. ते पाण्यात पडतं आणि माणूस फळीवर बसून राहतो. दुसरे पतंगवाले. यांच्या पायाखाली छोटी फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला वीस-पंचवीस मीटर उंचीवर अर्ध्या चंद्रासारखा मोठा पतंग. हे पतंगाला बांधलेले असतात. पतंग जिकडे, तिकडे माणूस.

पतंग लहानमोठे असतात. वारा हलका असला तर मोठा पतंग, जोराचा असला तर लहान. सकाळी मी जे लिहिते ते वाचून लोक पतंग निवडतात. मी "हलका" लिहिलं तर चौदा मीटरचा मोठा पतंग बाहेर निघतो. म्हणजे माझ्या एका शब्दानं माणसाच्या डोक्यावर किती कापड उभं राहणार ते ठरतं. हे समजायला मला उशीर लागला.

रोज पहाटे पाचला उठायचं. मोबाईलवर उपग्रहाचं चित्र, हवेच्या दाबाचे नकाशे पाहायचे. काठावरच्या खांबावर आमचं वारामापक आहे, त्याची रात्रभराची नोंद पाहायची. सहाला ग्रुपवर टाकायचं आणि शेडबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं: दिशा, वेग, झोत, वेळ. वेग नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला दोन किलोमीटरला थोडा कमी. मग खांबावर झेंडा: हिरवा, पिवळा किंवा लाल.

नवीन लोकांना नॉट समजत नसे. एका सुटीत मी वारामापक तांड्यावर नेलं, याडीला शेजाऱ्याच्या तिवईवर चढवलं आणि तुरीचा भुसा उपणायला लावला. भुसा दोन पावलं गेला की किती नॉट, चार पावलं गेला की किती, सहा पावलं की किती, सगळं लिहून काढलं. ते कोष्टक अजून शेडमध्ये टांगलेलं आहे. नागपूरहून आलेले लोक त्याचा फोटो काढतात. "चार पावलं भुसा" म्हणजे शिकाऊ माणसाला चांगला वारा, हे आता आमच्याकडे सगळे बोलतात.

गिऱ्हाईकांच्या गमती खूप. एक नवरा-नवरी फोटोसाठी आले होते. नवरीची ओढणी डावीकडे उडायला पाहिजे होती, वारा डावीकडचा होता. नवरा मला म्हणाला, "मॅडम, काही करता येईल का?" मी म्हटलं, "तुम्ही आणि फोटोवाला जागा बदला." एका पुढाऱ्याच्या भाच्यानं फोन करून विचारलं, रविवारी चारचा वारा अकराला घेता येईल का, कारण चारला त्याला लग्नाला जायचं होतं. आसपासच्या गावांत मला "हवावाली मॅडम" म्हणतात. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना विचारतो, "काय मॅडम, आज आहे का?"

पण सगळ्यांत जास्त विचारायचे ते अशफाकभाई. पुसद रोडवर त्यांचं पंक्चरचं दुकान. पतंगाच्या कडेला हवा भरलेली नळी असते, तिच्यानं पतंगाचा आकार टिकतो. सुभेदारांच्या पतंगाची नळी फुटली तेव्हा ते ती घेऊन अशफाकभाईंच्या दुकानात गेले. भाईंनी ट्यूबला लावतात तसं ठिगळ लावलं आणि विचारलं, "हे कशाचं ट्यूब हाय, सुभेदारसाब? ट्रकचं तं नाई." ते पाहायला नदीवर आले आणि नदीवरच राहिले. दोन वर्षांत ते आमचे सगळ्यांत चांगले पतंगवाले झाले. अंगानं भारी, वय चाळिशीच्या पुढे, पण पाण्यावर उतरले की हलके व्हायचे.

"मॅडम, आज हवा टाईट का ढिल्ली?"

"बारा नॉट, भाई."

"नॉट-बिट मले नका सांगू. पीएसआयमधी सांगा."

"भाई, ती टायरमधली हवा. ही मोकळी हवा आहे."

"तेच तं. टायरमधली हवा माझं ऐकते. ही बया तुमचंच ऐकते."

हे ते रोज म्हणायचे आणि मला रोज बरं वाटायचं. तिथेच माझं चुकलं असावं.

जेठ महिना होता. पावसाळा तोंडावर, पाणी सगळ्यांत खाली गेलेलं. अशा वेळी पूर्वेच्या काठाला बुडालेल्या बाभळींचे खुंट उघडे पडतात. त्या सकाळी मी लिहिलं: दहा ते एक, पश्चिमेचा बारा-चौदा नॉट. दोननंतर वारा पडेल, आठ-नऊ राहील. मोठा पतंग घ्या. शिकाऊंना चांगली वेळ. झेंडा हिरवा.

सगळं लिहिल्याप्रमाणे झालं. दोनला पाच कमी असताना वारा पडला. पाणी गुळगुळीत होऊ लागलं. मी घड्याळ पाहिलं आणि मला अभिमान वाटला. सुभेदारांना हाक मारून म्हटलं, "पाहा, अंदाज मिनिटावर आला." दुपारचं उपग्रहाचं चित्र मी उघडलंच नाही. अंदाज खरा ठरला होता, मग कायले पाहायचं? वारा पडला की खाली उतरायचं, सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. मी शेडच्या सावलीत बसले आणि चहा ठेवला.

अशफाकभाई चौदा मीटरचा पतंग घेऊन पाण्यात होते. त्या पडत्या वाऱ्यात तेवढ्या मोठ्या पतंगावर फक्त तेच तरंगू शकत होते. डोक्यावर आभाळ निळं होतं. पश्चिमेच्या डोंगरामागे काय आहे ते आम्हाला दिसत नव्हतं.

आधी गार वाटलं. जेठाच्या दुपारी मानेवर गार हवा. मी चहाच्या भांड्यावरून मान वर केली तर डोंगराच्या मधल्या खिंडीतून धुळीची भिंत येत होती आणि तिच्याखाली पाणी पांढरं झालं होतं. मी पळत जाऊन झेंड्याची दोरी ओढली. लाल झेंडा अर्ध्यात पोचला नव्हता तेव्हा अशफाकभाई पाण्यावरून उचलले गेले. उडी नव्हती ती. पतंगानं त्यांना शेडच्या छपराइतकं वर नेलं आणि पूर्वेकडे घेऊन निघाला. पट्ट्यावर एक लाल गोळा असतो. तो ओढला की पतंग सुटतो. त्यांनी ओढला, पण तोवर ते काठाच्या वर आले होते. खाली बाभळीचे खुंट होते.

सुभेदारांनी मोटरबोट काढली. मी काठाकाठानं पळाले. भाई चिखलात उताणे पडले होते, डोळे उघडे होते. मला पाहून म्हणाले, "मॅडम, हवा टाईट होती."

मांडीचं हाड मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. खुंट हातभर इकडे असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

हे काय होतं ते साध्या शब्दांत सांगते. वादळाच्या ढगातून थंड हवेचा लोट खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि सांडलेल्या पाण्यासारखा चहूकडे पसरतो. ढग वीस-पंचवीस किलोमीटरवर असू शकतो. तो लोट पोचायच्या आधी बऱ्याचदा आपल्याकडचा वारा पडतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर आकृतीसकट लिहिलं असतं.

दोन दिवसांनी मी तांड्यावर गेले. ओट्यावर बसून याडीला सगळं सांगितलं. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, इथे वाचकांसाठी मराठीत लिहिते. ती चुलीपुढे भाकर थापत होती. तिनं थापणं थांबवलं.

"वारा कवा पडला म्हणते?"

"दुपारी. दोनच्या सुमाराले."

"महिना कोनता?"

"जेठ. परवाचीच गोष्ट सांगून राह्यली ना."

"अवं बाई, जेठात कोन उपनते?"

तिनं पिठाचा हात झटकला.

"म्या तुले वारा दाखवला तो पौष-माघाचा. तवा पडला तं पडला, गरीब असते तो. जेठात पडलेला वारा बसत नाही, दबा धरते. जेठात वारा पडला की आमी वावरात जे असंल ते झाकाले धावो. तुले काहून नाही ठाऊक?"

"तू कधी सांगितलंच नाही."

"जेठात तुले खळ्यावर नेलंच कवा? तवा खळं राह्यतेच कुठं?"

भाकर करपली. तिनं ती उलटली, काळी बाजू खरवडली आणि माझ्या ताटात वाढली. माझं शिक्षण आणि तिचं शिक्षण, दोन्ही माझ्याजवळ होती आणि दोन्ही अर्धी होती. तिचं चार महिन्यांपुरतं मी उचललं आणि बारा महिन्यांना लावलं.

परत येऊन मी नोंदवही काढली. त्या दिवसाच्या पानावर लाल शाईनं लिहिलं: "अंदाज खरा ठरला म्हणून मी पाहणं थांबवलं. जेठात पडलेला वारा विसावा समजले. चूक माझी." खाली सही केली आणि त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. काहींनी लिहिलं की मॅडमचा काय दोष, वादळ कोणाला कळतं. काही जण ग्रुप सोडून गेले. त्यांचं बरोबर होतं.

नोकरी सोडायची ठरवूनच मी दवाखान्यात अशफाकभाईंना भेटायला गेले. पाय वर टांगलेला, हात गळ्यात.

"भाई, मी काम सोडून राह्यली."

"कायले?"

"तुमचा जीव गेला असता."

"गेला नाई ना. आता दुसरी मॅडम येईल, ते पहिल्यापासून शिकंल. तिच्या शिकन्यापायी कोनाची टांग तोडता? माझी एक तुटली ते तुमच्या शिकन्यात धरा." थोड्या वेळानं म्हणाले, "म्या पुन्हा उतरनार हाव. तुमी राह्यल्या तं उतरीन. नाई तं आपलं दुकान बरं."

मी राहिले. पण पद्धत बदलली. आमचा तांडा पाण्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या त्या बाजूला आहे. आम्हाला जे दिसत नाही ते तिथून दिसतं. याडीला मोबाईल घेऊन दिला. वैशाख ते आषाढ, रोज दुपारी बारापासून दर अर्ध्या तासाला तिला फोन. ती ओट्यावर बसून सांगायची. पहिल्या आठवड्यात तिला वैताग आला. "सारखं-सारखं कायले विचारते वं? वारा काय पाहुना हाय?" मग सवय झाली. मग मी दहा मिनिटं उशीर केला तर तिचाच फोन यायला लागला.

पुढचा जेठ आला. केंद्र चालवायची परवानगी वर्षाची होती. अपघातानंतर बाहेरून पाहणी होणार आणि मगच ती पुढे मिळणार असं ठरलं होतं. पाहणीला दोघं आले. त्यातले मोठे, कोकणातले वयस्कर गृहस्थ, आयुष्यभर शिडाच्या होड्या चालवलेले. त्यांना पाण्यावरचं काम प्रत्यक्ष पाहायचं होतं. अशफाकभाई वर्षभरानं पहिल्यांदा पतंग घेऊन उतरणार होते. मांडीत सळई, पण चेहरा ईदच्या दिवशी असतो तसा.

सकाळी मी लिहिलं: अकरा ते दोन पश्चिमेचा चौदा. दोननंतर भरवसा नाही. लहान पतंग. झेंडा पिवळा.

दीडला भाई उतरले. काठावर सगळे टाळ्या वाजवत होते. दोन वाजून पाच मिनिटांनी मी फोन लावला.

"याडी, कसं आहे?"

"तुलेच लावून राह्यली होती. पान हलेना. कुत्रे घरात शिरले. लिंबाच्या मागचं आभाळ तांब्याच्या भांड्यासारखं झालं."

"वारा कधी पडला?"

"आत्ताच. बाहेर काढ मानसं."

आमच्याकडे तेव्हा वारा होता. आभाळ निळं. मी लाल झेंडा चढवला आणि शिट्टी फुंकली. सुभेदार धावत आले.

"सुनंदा, काय करून राह्यली? साहेब पाहून राह्यले! दहा मिनिटं दे."

"नाही देत."

"आभाळ तं पाह्य."

"मागच्या वर्षी पण असंच निळं होतं, सुभेदार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झेंड्याकडे. दोरीला हात लावला नाही. पाण्यावर अशफाकभाईंनी मान वळवली, झेंडा पाहिला आणि फळी काठाकडे वळवली. वर्षभर वाट पाहिलेला माणूस एकदाही मागे न पाहता बाहेर आला. पतंग उतरवला, नळीची हवा सोडली, घडी घातली. इतर सगळे त्यांच्यामागून निघाले. पाणी रिकामं झालं.

मग आम्ही बसलो. पंधरा मिनिटं झाली, काही नाही. अर्धा तास झाला. पाणी आरशासारखं पडलेलं. पाहणीतले दुसरे गृहस्थ घड्याळ पाहू लागले. सुभेदार बिडीवर बिडी. वादळ यावं असं मला वाटत होतं. असं वाटणं बरोबर नाही, पण वाटत होतं.

वयस्कर गृहस्थांनी नोंदवही मागितली. पानं उलटत ते मागच्या जेठावर आले. लाल शाईवर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कोणी लिहायला लावलं?"

"कोणी नाही."

"आणि आज तिकडे कोणतं यंत्र बसवलंय?"

"माझी आई आहे तिकडे."

ते हसतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "त्या किती वर्षं वारा पाहतात?" मी म्हटलं, "माझ्या जन्माच्या आधीपासून." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वही परत दिली.

तीनच्या सुमाराला फोन वाजला. "गेलं दक्षिनेकडं," याडी म्हणाली. "आपल्या तांड्यावरचे चार टिनं घेऊन गेलं. नायकाच्या गोठ्याचे. मानसं बरे हायेत." पाच-सात मिनिटांनी आमच्या पाण्यावर एक गार झुळूक आली. खांबावरच्या वाट्या थोड्या फिरल्या आणि थांबल्या.

अशफाकभाई म्हणाले, "मॅडम, एवढ्यासाठी मले बाहेर काढलं? एवढी हवा तं माझ्या सायकलच्या पंपात रायते!"

सगळे हसले. सुभेदारही. मीही हसले, पण भाईंचा तो दिवस मी घेतला हे खरं आहे आणि त्याची रुखरुख आहे. वादळ आपल्याकडे वळणार की दक्षिणेला जाणार, हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं. आजही नेहमी सांगता येत नाही. वारावाल्या माणसाचं काम असंच आहे. पाणी रिकामं केलं आणि काही झालं नाही, तर लोकांना वाटतं उगाच केलं. कोणाचं हाड वाचलं ते दिसत नाही.

पाहुणे निकाल न सांगता गेले. महिनाभरानं कागद आला. परवानगी पुढे चालू. खाली दोन अटी होत्या. लाल झेंडा लावायचा अधिकार फक्त अंदाज लिहिणाऱ्याचा, त्यात मालकानंही बोलायचं नाही. आणि डोंगराच्या पश्चिमेला कायम निरीक्षक नेमावा.

मी याडीला सांगायला गेले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"काम काय म्हणते?"

"ओट्यावर बसून वारा पाहायचा. पगार मिळेल."

"अन् तो नाही आला तं?"

"तरी मिळेल."

तिनं मुठीतले उरलेले दाणे टाकले. मग उलट्या तिवईतल्या कोंबड्या तिनं बाहेर काढल्या, जाळी सोडली, तिवई धुतली, सरळ करून ओट्याच्या कडेला ठेवली आणि तिच्यावर बसून पाहिलं. म्हणाली, "हलते थोडी. एक पाय ठोकून दे." मी पाय ठोकून दिला.

शेडबाहेरच्या फळ्यावर आता रोज अंदाजाखाली दोन नावं असतात. वर माझं, बी.एस्सी. लिहून. खाली तिचं. तिला वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठे आहे ते तिला ठाऊक आहे. एकदा येऊन बोट लावून गेली.

अशफाकभाई पुन्हा पतंग चालवतात. सकाळी तेच विचारतात, टाईट का ढिल्ली. आमच्या पाण्यावर माणसं येतात, शिकतात, पडतात, पाणी पिऊन हसत बाहेर येतात. भाईंना नेलं त्या जेठानंतर कितीतरी वेळा वारा असाच पडला, आणि आमच्या पाण्यावरून त्यानं एकाही माणसाला उचललेलं नाही.